ॲलन एकबॉर्न यांची नव्वद नाटके: संख्येचे कौतुक पुरे, कामाविषयी बोलू या

तिसरी घंटा (धागाकर्ता)

ब्रिटिश नाटककार ॲलन एकबॉर्न यांच्याविषयी काहीही वाचायला घेतले, तरी पहिल्या दोन वाक्यांतच त्यांच्या नाटकांची संख्या येते. १९५९ मध्ये त्यांचे पहिले नाटक रंगमंचावर आले आणि २०२४ मध्ये ‘शो अँड टेल’ हे नव्वदावे आले. तेव्हा त्यांचे वय ८५ होते. शेक्सपिअरच्या नावावर सदतीस-अडतीस नाटके आहेत आणि बर्नार्ड शॉ यांच्या नावावर साठांहून थोडी अधिक, हे लक्षात घेतले की माणूस थक्क होतो, आणि चर्चा बहुधा तिथेच संपते.

मला ती तिथून पुढे न्यायची आहे. ही नाटके जवळपास सगळी लंडनमध्ये नव्हे, तर उत्तर यॉर्कशायरमधील स्कारबरो या समुद्रकाठच्या सहलीच्या गावी पहिल्यांदा झाली. ती बहुतांश लेखकानेच दिग्दर्शित केली, आणि १९७२ पासून २००९ पर्यंत तेथील नाट्यगृहाचा कलात्मक संचालकही तोच होता. नाटक लिहिणारा, बसवणारा आणि पुढच्या हंगामाची तिकिटे खपतील की नाही याची काळजी वाहणारा माणूस एकच असला, म्हणजे लेखनाचे काय होते? माझे मत असे की, एकबॉर्न यांची विपुलता हा प्रतिभेचा चमत्कार कमी आणि त्या व्यवस्थेचा परिणाम अधिक आहे. ज्यांनी ही नाटके वाचली, पाहिली किंवा बसवली आहेत त्यांनी लिहावे, आणि नव्या वाचकाने कोठून सुरुवात करावी हेही सुचवावे.

पिटातला प्रेक्षक

पासष्ट वर्षांत नव्वद म्हणजे वर्षाला सरासरी दीड नाटकसुद्धा पडत नाही. आपल्याकडील दैनंदिन मालिकांचे संवादलेखक हा हिशेब ऐकून गालातल्या गालात हसतील. गमतीचा भाग सोडला, तर खरा प्रश्न असा आहे की त्या नव्वदांपैकी लोकांना नावे किती आठवतात.

विंगेतून

धागाकर्त्यांचे मत मला पटते. त्यात एका माणसाचे नाव जोडतो. स्टीफन जोसेफ यांनी १९५५ मध्ये स्कारबरोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात, चारही बाजूंना प्रेक्षक आणि मध्ये नट अशा पद्धतीचे नाट्यगृह सुरू केले. त्या काळच्या ब्रिटनमध्ये हा प्रकार नवा होता. शाळा सोडून सतराव्या वर्षी नट-व्यवस्थापक डोनाल्ड वुल्फिट यांच्या नाटक कंपनीत शिरलेला एकबॉर्न १९५७ मध्ये तेथे आला, तो रंगमंच-व्यवस्थापक आणि नट म्हणून. मिळणाऱ्या भूमिकांविषयी त्याने कुरकुर केली, तेव्हा जोसेफ यांनी सांगितले की चांगली भूमिका हवी असेल तर स्वतःच लिही. त्यातून ‘द स्क्वेअर कॅट’ झाले. त्यात त्याने स्वतःसाठी रॉक गायकाची ठसठशीत भूमिका लिहून ठेवली होती. लेखक म्हणून नाव लावले ‘रोलंड ॲलन’. स्वतःचे नाव आणि पत्नीचे माहेरचे आडनाव एकत्र करून ते बनवले होते.

याचा अर्थ असा की, या गृहस्थांनी पहिल्या ओळीपासून एका विशिष्ट जागेसाठी, विशिष्ट नटसंचासाठी आणि विशिष्ट तारखेसाठी लिहिले. चारही बाजूंना माणसे बसली की मागचा पडदा नाही, रंगवलेल्या भिंती नाहीत, उंच कपाट ठेवले तर एका बाजूचा प्रेक्षक आंधळा होतो. नटाची पाठ सतत कोणाकडे तरी असतेच, त्यामुळे समोर तोंड करून टाळीचे वाक्य फेकण्याची सोय उरत नाही. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही प्रेक्षकाला दिसत असतो. एकबॉर्न यांच्या नाटकांतील बहुतेक हशा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो, आणि ही सवय त्या खोलीने लावली असे मला वाटते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे त्यांनी लीड्सला बीबीसीसाठी नभोनाट्ये केली. ध्वनीवरची त्यांची हुकमत तेथून आली असावी.

आडवळण

या स्तुतिसुमनांत थोडा विरोधी सूर मिसळतो. मी एकबॉर्न यांची दहाएक नाटके वाचली आहेत, आणि मला ती एकमेकांत मिसळून आठवतात. सगळीकडे तेच इंग्लंडमधले उपनगरी मध्यमवर्गीय घर, तोच कामात बुडालेला आणि बायकोकडे लक्ष नसलेला नवरा, तीच हळूहळू कोमेजणारी बायको, आणि पार्टी, सण किंवा वाढदिवस असे कुठले तरी निमित्त. फरक असतो तो रचनेच्या युक्तीत. कधी दोन दिवाणखाने एकाच रंगमंचावर, कधी तीन शयनगृहे शेजारी शेजारी, कधी तीन मजल्यांचे घर एकाच पातळीवर आखलेले, तर कधी नाणेफेक करून पुढचा प्रवेश ठरवायचा. युक्ती काढून घेतली तर खाली काय उरते, हे कोणी सांगेल का? संख्येचे रहस्य मला तरी यातच दिसते. साचा तयार असला की दरवर्षी नवे नाटक काढणे अवघड नसते.

तिसरी घंटा

आडवळण, आपला आक्षेप जुना आहे आणि गंभीरही आहे, म्हणून एकाच उदाहरणावर सविस्तर लिहितो.

१९७२ चे ‘ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर’ घ्या. तीन जोडपी, तीन नाताळ, तीन स्वयंपाकघरे. पार्टी नेहमी पलीकडच्या खोलीत चालू असते आणि आपण ओट्यापाशी असतो. डिक आणि लॉटी पॉटर हे सर्वांत गमतीदार म्हणून नावाजलेले पाहुणे रंगमंचावर येतच नाहीत. त्यांचे हसणे तेवढे दाराआडून ऐकू येते. ही झाली युक्ती. आता दुसरा अंक पाहा. इव्हाच्या नवऱ्याने आपण तिला सोडून जाणार असल्याचे नुकतेच सांगितले आहे आणि ती आत्महत्येचा प्रयत्न करते आहे. ती गॅसच्या भट्टीत डोके घालते, तर पाहुणी म्हणून आलेल्या जेनला वाटते की बाई भट्टी साफ करीत आहेत; ती मोठ्या आपुलकीने इव्हाला बाजूला बसवून स्वतः घासायला लागते. इव्हाच्या पुढच्या प्रयत्नांतून जेनच्या नवऱ्याला, सिडनीला, तुंबलेले मोरीचे पाइप दुरुस्त करण्याचे काम मिळते, आणि दुसरा पाहुणा रोनल्ड दिवा बसवता बसवता विजेचा झटका खातो. अख्ख्या अंकात इव्हा बोलत नाही. प्रत्येक जण तिला मदत करतो आहे, प्रत्येक जण मनापासून कामाला लागला आहे, आणि ती मरायला निघाली आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही. शेवटी ती नाताळचे एक गाणे पुटपुटू लागते आणि बाकीचे एकेक करून त्यात सामील होतात.

या अंकातून युक्ती काढून घेता येत नाही, कारण नाटकाला जे सांगायचे आहे ते त्या युक्तीतच आहे. माणसे एकमेकांच्या शेजारी उभी राहून एकमेकांना पाहत नाहीत, हे स्वयंपाकघरातल्या कामांच्या रेट्याशिवाय दाखवताच आले नसते. प्रेक्षक हसत राहतो, आणि आपण कशाला हसलो हे त्याला मध्यंतराच्या चहाच्या वेळी जाणवते.

आडवळण

दुसरा अंक उत्तम आहे, हे मान्य. नव्वद नाटकांत असे अंक किती, एवढाच माझा प्रश्न आहे.

सुरंगी

मी एक लहानसे उदाहरण देते. ‘हाऊ द अदर हाफ लव्हज्’ हे १९६९ चे नाटक. त्यात दोन घरांचे सामान एकमेकांत मिसळून मांडलेले असते आणि फेदरस्टोन नावाचे बुजरे जोडपे गुरुवारी एका घरी व शुक्रवारी दुसऱ्या घरी जेवायला जाते. आपल्याला मात्र दोन्ही जेवणे एकाच वेळी, एकाच टेबलाभोवती दिसतात. फेदरस्टोन पतिपत्नींना फिरत्या खुर्च्या दिलेल्या असतात. खुर्ची थोडी वळली की ती दोघे साहेबांच्या नेटक्या घरी असतात, आणि परत वळली की भांडणाऱ्या तरुण जोडप्याच्या पसाऱ्यात. एकीकडे अदबीने हसणारा चेहरा पाव वर्तुळात भेदरतो. तालमीत हे बसवताना नटांचा घाम निघतो, कारण संवाद विसरला तर सावरता येते, पण खुर्ची चुकीच्या क्षणी वळली तर दोन दिवसांची सरमिसळ होते. सिद्धीला गेले की प्रेक्षकाला त्यातले काहीच अवघड वाटत नाही, आणि मग ‘युक्ती’ म्हणून ते निकालात निघते.

लीड्सकर

मी नोकरीनिमित्त यॉर्कशायरमध्ये राहतो, त्यामुळे स्कारबरोला जाणे होते. नाट्यगृह रेल्वे स्थानकाच्या अगदी समोर आहे. पूर्वी ते ओडियन चित्रपटगृह होते. ग्रंथालयातून १९७६ मध्ये मंडळी एका जुन्या शाळेच्या इमारतीत गेली आणि १९९६ मध्ये या चित्रपटगृहात आली. नाव अर्थातच स्टीफन जोसेफ थिएटर. गोल नाट्यगृहात चारशेच्या आसपास खुर्च्या आहेत, त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही नटाच्या कपाळावरची आठी दिसते. दुपारच्या प्रयोगाला पेन्शनर मंडळी मोठ्या संख्येने असतात. ती एकबॉर्न यांच्याविषयी घरच्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलतात, आणि ‘या वेळचे तितके जमले नाही’ असे तोंडावर सांगायलाही कचरत नाहीत.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला पूरक अशी एक गोष्ट सांगतो. १९६५ मध्ये स्टीफन जोसेफ यांनी एकबॉर्न यांच्याकडे मागणी केली होती ती अशा नाटकाची, की पावसाने सुट्टी नासलेले पाहुणे कपडे वाळवण्यापुरते नाट्यगृहात शिरतील आणि हसून खाणावळीकडे परत जातील. त्या मागणीतून जे नाटक झाले, तेच १९६७ मध्ये ‘रिलेटिव्हली स्पीकिंग’ या नावाने लंडनमध्ये गाजले आणि नामवंत नाटककार नोएल कॉवर्ड यांनी अभिनंदनाची तार पाठवली. दुर्दैवाने जोसेफ त्याच वर्षी, पन्नाशीही न गाठता, निवर्तले. १९७५ मध्ये लंडनच्या वेस्ट एंड या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात एकबॉर्न यांची पाच नाटके एकाच वेळी चालू होती.

पिटातला प्रेक्षक

त्याच १९७५ साली त्यांनी अँड्रयू लॉइड वेबर यांच्याबरोबर ‘जीव्ह्ज’ हे संगीत नाटक केले आणि ते सपशेल आपटले, ही नोंदही असू द्यावी. दोघांनी ते वीस वर्षांनी पुन्हा घडवून १९९६ मध्ये ‘बाय जीव्ह्ज’ म्हणून आणले. पडलेले नाटक इतकी वर्षे डोक्यात ठेवणारा लेखक साच्यातून माल काढतो असे म्हणणे जरा कठीण आहे.

ग्रीनरूम

‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’चा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही, याचे नवल वाटते. १९७३ ची ही तीन नाटके आहेत. एकाच घरातील एकच शनिवार-रविवार, तीच सहा माणसे. एक नाटक जेवणघरात, दुसरे दिवाणखान्यात, तिसरे बागेत. जेवणघरातून पाय आपटत निघून गेलेला माणूस दुसऱ्या नाटकात दिवाणखान्यात प्रवेश करतो. नॉर्मन हा ग्रंथालयातला साहाय्यक, विस्कटलेल्या दाढीचा. त्याला आपल्या मेहुणीला घेऊन गुपचूप सहलीला जायचे आहे आणि त्या सगळ्याचा बोजवारा उडतो.

यामागेही स्कारबरोच आहे. सहलीचा पाहुणा आठवडाभर राहणार आणि त्यातली एखादीच संध्याकाळ नाटकाला देणार, त्यामुळे तिन्हींपैकी प्रत्येक नाटक स्वतंत्रपणे समजले पाहिजे आणि कोणत्याही क्रमाने पाहता आले पाहिजे, अशी अट होती. एकबॉर्न यांनी ती आडवी लिहिली, म्हणजे आधी तिन्हींचे पहिले प्रवेश, मग तिन्हींचे दुसरे. लंडनच्या प्रयोगात टॉम कोर्टने, मायकेल गॅम्बन, पेनेलोपी कीथ आणि फेलिसिटी केंडल होते. २००८ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात ही त्रयी पुन्हा झाली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तिला पुनरुज्जीवित नाटकाचे टोनी पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे त्रिनाट्य म्हटले की महेश एलकुंचवारांचा वाडा डोळ्यांपुढे येतो, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही भाग सलग सादर केले होते, हे अनेकांना आठवत असेल. तेथे एक नाटक संपल्यावर काळ पुढे सरकतो, घर खचत जाते. एकबॉर्न यांच्याकडे काळ हलतच नाही. फक्त आपली बसण्याची खोली बदलते. पहिल्या नाटकात मूर्ख वाटलेला माणूस तिसऱ्यात केविलवाणा वाटतो, कारण मधल्या वेळात त्याच्यावर काय गुदरले ते आपण आता पाहिलेले असते.

अक्षयतृतीया

अवांतर होईल, तरी विचारते. तिन्ही पाहायची असतील तर कोणत्या क्रमाने पाहावीत? मला यंत्रवत का होईना, क्रम लागतो.

ग्रीनरूम

बाग शेवटी ठेवावी, असे माझे मत आहे. क्रम लागत नाही हीच त्या नाटकांची अट असल्याने माझे मत बाजूला ठेवलेत तरी काही बिघडणार नाही.

विंगेतून

रचनेचा विषय निघालाच आहे, तर तिचा कळसही सांगतो. १९८२-८३ मधील ‘इंटिमेट एक्स्चेंजेस’ची सुरुवात सीलिया नावाच्या बाईने बागेत येऊन सिगारेट ओढावी की न ओढावी इथून होते. त्यानंतर पाच दिवसांनी, मग पाच आठवड्यांनी आणि मग पाच वर्षांनी असे प्रवेश येतात, आणि प्रत्येक टप्प्यावर वाट दुभंगते. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा शेवट. सगळी पात्रे दोनच नट करतात. फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांनी यावर १९९३ मध्ये ‘स्मोकिंग’ आणि ‘नो स्मोकिंग’ असे जोड-चित्रपट केले, आणि २०१४ मधील त्यांचा शेवटचा चित्रपटही एकबॉर्न यांच्याच नाटकावर होता. एकबॉर्न इंग्लंडच्या उपनगराबाहेर प्रवास करीत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी रेने यांना त्यात काय दिसले असेल याचा विचार करावा.

येथे संख्येचाही प्रश्न येतो. बहुतेक याद्यांत सोळा शेवटांचे ‘इंटिमेट एक्स्चेंजेस’ एकच नाटक म्हणून मोजले जाते, आणि ‘नॉर्मन’ मात्र तीन. सुरुवातीची काही नाटके मोजली जातात, पण लेखकाने ती पुढे कोणाला करू दिली नाहीत. नव्वद हा आकडा त्यामुळे लवचीक आहे. ‘शेक्सपिअरनंतर सर्वाधिक प्रयोग होणारा ब्रिटिश नाटककार’ असे एक वाक्यही सर्रास छापले जाते. ते कोणी, कोठले प्रयोग मोजून ठरवले हे मात्र छापलेले नसते.

हौशी नट

या निमित्ताने ‘वे अपस्ट्रीम’ची फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाटक नदीतल्या सहलीच्या बोटीवर घडते, आणि रंगमंचावर खरे पाणी व खरी हलणारी बोट लागते. १९८१ मध्ये स्कारबरोला ते निभावले. १९८२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पाण्याची टाकी फुटली, नाट्यगृहात पाणी झाले आणि नाटकापेक्षा पुराच्याच बातम्या अधिक छापून आल्या. नाटक वास्तविक छोट्या बोटीत हुकूमशाही कशी रुजते याविषयीचे, बऱ्यापैकी भयंकर आहे. आमच्या हौशी संस्थेत एकाने हे करू या असे सुचवले होते, तेव्हा व्यवस्थापकांनी सभागृहाच्या अनामत रकमेची आठवण करून दिली आणि विषय मिटला.

रेवदंडा

मराठीत रूपांतर करायचे ठरवले तर अडचण कोठे येईल, याचा मी विचार करीत होतो. घर, सण, नातेवाईक, न बोललेली धुसफुस हे सारे आपल्याकडे मुबलक आहे, त्यामुळे आशय अडणार नाही. अडेल ते दौऱ्याच्या गणितात. व्यावसायिक मराठी नाटक आज शिवाजी मंदिर, उद्या नाशिक, परवा कोल्हापूर असे फिरते. नेपथ्य टेम्पोत मावले पाहिजे आणि काही तासांत उभे राहिले पाहिजे. तीन पूर्ण स्वयंपाकघरे, नळाला पाणी आणि चालू दिव्यासकट, या चौकटीत बसवणे निर्मात्याला परवडणार नाही. दुसरे असे की, आपल्याकडे विनोदी नाटक बरेचदा एका नटाच्या नावावर विकले जाते. एकबॉर्न यांच्याकडे सहाही भूमिका साधारण समान वजनाच्या असतात, आणि ज्याला टाळ्या घ्यायची सवय आहे त्याने जागा वाढवली की शेजाऱ्याचा क्षण मरतो. छोट्या रंगमंचांवर, म्हणजे एकेकाळी दादरच्या छबिलदासमध्ये होते तसल्या जवळिकीच्या जागेत, ही नाटके अधिक खुलतील.

सुरंगी

आडवळण यांनी ‘कोमेजणारी बायको’ असे एका झटक्यात म्हटले, त्यावर थोडे लिहिणे भाग आहे. १९८५ च्या ‘वुमन इन माइंड’मध्ये सुझन नावाची बाई बागेतल्या दाताळ्यावर पाय पडून डोक्याला मार लागल्याने बेशुद्ध होते. शुद्धीवर येते तेव्हा डॉक्टर काहीतरी अगम्य बरळत असतो. हळूहळू त्याचे शब्द जुळू लागतात. तेवढ्यात प्रेक्षकाच्या लक्षात येते की आपण सगळे तिच्याच कानांनी ऐकतो आहोत. तिला प्रेमळ नवरा, गोड मुलगी, शॅम्पेन असे देखणे कुटुंब दिसू लागते. खरे कुटुंब म्हणजे पुस्तकात बुडालेला पाद्री नवरा, भयानक स्वयंपाक करणारी नणंद आणि एका पंथात सामील होऊन आईशी न बोलणारा मुलगा. काल्पनिक माणसे सुरुवातीला तिने बोलावल्यावर येतात. पुढे ती न बोलावता येऊ लागतात. अखेरीस तिचेच शब्द विस्कटतात आणि पहिल्या प्रवेशातली डॉक्टरची बडबड आता तिच्या तोंडी असते.

या बाईला नाटककाराने दयेचा विषय केलेले नाही. ती बोचरी आहे, कधी कधी अन्यायीही आहे. साचा एकच असता, तर १९७२ ची अबोल इव्हा आणि १९८५ ची सुझन यांच्यात एवढे अंतर पडले नसते. तेरा वर्षांत लेखक त्या बाईकडे बाहेरून पाहण्याचे सोडून तिच्या डोक्यात जाऊन बसला. हा प्रवास एकेक नाटक सुटे वाचले तर दिसत नाही, आणि विपुलतेचा खरा उपयोग मला येथे जाणवतो.

लीड्सकर

सुरंगी यांच्या मुद्द्याला एक मधला टप्पा जोडतो. १९७६ पूर्वी एकबॉर्न यांचे नवे नाटक साधारणपणे उन्हाळी पाहुण्यांसाठी असे. त्या वर्षी ‘जस्ट बिट्विन अवरसेल्व्ज’ हे नाटक जानेवारीत झाले, तेव्हा समुद्रावर चिटपाखरू नसते आणि प्रेक्षक गावचाच असतो. त्यात डेनिस हा सतत हसतमुख, गॅरेजमध्ये खुडबुड करणारा, काहीही नीट दुरुस्त न करणारा नवरा आहे. बायको व्हेरा त्याच्या आनंदीपणाखाली चार वाढदिवसांत पूर्ण मोडून पडते. शेवटी ती बागेत पांघरूण घेऊन निश्चल बसलेली असते आणि भोवती वाढदिवस साजरा होत असतो. त्यानंतरच्या ‘टेन टाइम्स टेबल’ आणि ‘जोकिंग अपार्ट’ यांच्यासह या नाटकांना एकबॉर्न स्वतः हिवाळी नाटके म्हणत. हंगाम बदलला, प्रेक्षक बदलला आणि नाटकाचा रंगही बदलला. धागाकर्त्यांना याहून थेट पुरावा मिळणार नाही.

आडवळण

हा मुद्दा मला नवा आहे आणि पटण्यासारखाही आहे. तरी माझा आक्षेप थोडा सरकवून पुन्हा मांडतो. आपण सर्वांनी दिलेली उदाहरणे पाहा. १९६९, १९७२, १९७३, १९७६, १९८२, १९८५. ‘अ स्मॉल फॅमिली बिझनेस’ १९८७ चे. म्हणजे अठराएक वर्षांचा काळ. उरलेल्या चाळीस वर्षांचे काय? स्वतःचे नाट्यगृह असण्याचा तोटा हाच की ‘हे नाटक आता थांबवा’ असे लेखकाला सांगणारा कोणी उरत नाही.

ग्रीनरूम

१९९९ चे ‘हाऊस अँड गार्डन’ घ्या. ही दोन नाटके दोन शेजारच्या नाट्यगृहांत एकाच वेळी चालतात, आणि तोच नटसंच एका रंगमंचावरून बाहेर पडून धावत दुसऱ्यावर प्रवेश करतो. एकीकडे हशा लांबला तर दुसरीकडे नट वेळेवर पोहोचत नाही. नव्या इमारतीत दोन नाट्यगृहे आली नसती, तर हे सुचलेच नसते.

त्याशिवाय १९८७ च्या ‘हेन्सफॉरवर्ड’मध्ये मुलांना सांभाळण्यासाठी बनवलेले यंत्र आहे आणि १९९८ च्या ‘कॉमिक पोटेन्शियल’मध्ये दूरदर्शन मालिकांतून माणसांऐवजी यंत्रनट काम करतात, त्यांतली एक यंत्रनटी भलत्या ठिकाणी हसते आणि तिला विनोद कळतो हे उघड होते. आज ती पाने उघडून पाहा, म्हणजे उपनगरी दिवाणखान्याच्या पलीकडेही काही आहे हे दिसेल.

उतरता काळ नाकारण्याचे कारण नाही. २००४ चे ‘प्रायव्हेट फिअर्स इन पब्लिक प्लेसेस’ सोडले, तर एकविसाव्या शतकातील फार थोडी नाटके मी पुन्हा वाचीन. २००६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच वर्षी ते नवे नाटक घेऊन तालमीला उभे राहिले. ही जिद्द मोठीच. पण जिद्दीचे गुण नाटकाला देता येत नाहीत.

हौशी नट

२०२० च्या टाळेबंदीत नाट्यगृहे बंद असताना त्यांनी ‘ॲनो डॉमिनो’ हे श्राव्य नाटक केले. सर्व पात्रांचे आवाज त्यांनी आणि त्यांच्या पत्नी हेदर स्टोनी यांनी मिळून दिले, आणि ध्वनिसंयोजनही एकबॉर्न यांनीच केले. किशोरवयीन मुलापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंतची सगळी माणसे दोघांच्या गळ्यातून आली. त्या वेळी ते ८१ वर्षांचे होते. नाटक किरकोळ असेल, तरी मला ते ऐकताना मजा आली.

अक्षयतृतीया

धाग्यातला शेवटचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. मी यांतले एकही वाचलेले नाही. कोठून सुरू करू?

तिसरी घंटा

वाचणार असाल तर ‘ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर’पासून सुरू करा, मग ‘जस्ट बिट्विन अवरसेल्व्ज’, मग ‘वुमन इन माइंड’. लेखनाची कार्यशाळा हवी असेल, तर त्यांचेच २००२ मधील ‘द क्राफ्टी आर्ट ऑफ प्लेमेकिंग’ हे पुस्तक आहे. त्यात लेखक आणि दिग्दर्शक अशा दोन्ही अंगांनी व्यवहाराच्या गोष्टी आहेत. आडवळण यांचा प्रश्न मी उडवून लावत नाही. नव्वदांतली पंधरा-वीस टिकतील असे माझेही मत आहे, पण ती कोणती हे सगळी लिहून होण्याआधी त्या माणसाला कसे कळणार होते, हे मला समजलेले नाही.

आडवळण

पंधरा म्हणा, वीस जास्त होतात. मी ‘जस्ट बिट्विन अवरसेल्व्ज’ मागवले आहे. वाचून झाल्यावर भांडायला येतो.

रेवदंडा

पुण्यात असलेल्या सदस्यांनी एखाद्या रविवारी ‘ॲब्सर्ड पर्सन’चे अभिवाचन करावे का? सहा आवाज पुरतात. नेपथ्याचा खर्च शून्य.

पिटातला प्रेक्षक

मी येतो. इव्हाची भूमिका मला द्यावी, दुसऱ्या अंकात तोंड उघडावे लागत नाही.

सुरंगी

तिसऱ्या अंकात बाकीची दोन घरे ढासळलेली असताना इव्हाच सगळ्यांना सांभाळत असते आणि तिला भरपूर बोलावे लागते. तेव्हा आपण पॉटर पतिपत्नींचे दाराआडचे हसणे सांभाळावे, हे बरे.